दंवाच्या वेळेची सभा

ग्रामपंचायतीचे अध्यक्ष कुठं राहतात, असं परक्या माणसानं गावात विचारलं, की लोक मगदुमांच्या घराकडं बोट दाखवायचे. घर बरोबर असायचं. पण विचारणारा दारात आला की पुढच्या सोप्यावरून उठून उभे राहायचे आण्णासाहेब मगदूम, आणि अध्यक्ष होत्या त्यांच्या पत्नी चंपाबाई. जागा बायकांसाठी राखीव पडली तेव्हा आण्णासाहेबांनीच त्यांना उभं केलं, मतं मागत तेच घरोघर फिरले, आणि निवडून आल्यावर हारसुद्धा बहुतेक त्यांच्याच गळ्यात पडले. चंपाबाईंच्या वाट्याला आली ती सही. तीही आण्णासाहेब जिथं बोट ठेवतील तिथं. यात काही वावगं आहे असं आण्णासाहेबांना कधी वाटलं नाही. बायकोच्या नावानं शेत असलं तरी नांगर पुरुषानंच धरायचा ना, इतकं ते त्यांना साधं वाटायचं.

माणूस वाईट नव्हता. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून पिणारं घर, दिवस मावळायच्या आत जेवणारं. कुणाचं देणं बुडवलं नाही की कुणावर हात उगारला नाही. फक्त तंबाखूवर जीव जरा जास्त. निपाणी भागातल्या निम्म्या लोकांनी तंबाखू सोडून ऊस धरला. ऊस एकदा लावला की कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते, मालकानं बांधावर बसून बघायचं. तंबाखूचं तसं नाही. कापलेली झाडं रानात पसरून वाळवायची, आणि ती वाळली की पान इतकं कडक होतं की उन्हात हात लावला तर चुरा. म्हणून पहाटे दंवानं पान मऊ झालं की उचलायचं, ऊन चढायच्या आत संपवायचं. त्याला एकाच वेळी पुष्कळ हात लागतात. आणि हात आता मिळत नव्हते.

आण्णासाहेबांना मात्र मिळायचे. माळावरच्या वस्तीला पाणी नव्हतं आणि त्यांच्या मळ्यातल्या विहिरीला बारमाही होतं. वस्तीतल्या बायका पहाटे घागरी घेऊन मळ्यात यायच्या, घागरी विहिरीच्या कट्ट्यावर मांडायच्या, तंबाखू उचलायच्या आणि जाताना पाणी भरून न्यायच्या. मजुरी चुकती मिळायची. पण दुसऱ्या कुणाच्या रानात आधी जायचं नाही, हे न बोलता ठरलेलं होतं. आण्णासाहेबांच्या वडिलांच्या वेळेपासून असंच चाललं होतं आणि त्याला सगळेजण आपुलकी म्हणायचे.

अशात पंचायतीला नवी पाइपलाइन मंजूर झाली. ह्या वर्षी ती एकाच बाजूला जाणार होती. एक तर मगदुमांच्या मळ्याच्या रस्त्यानं, जिथं त्यांच्या भावकीची घरं होती, नाहीतर वर माळाला.

"आण्णा, आम्हा शिकल्यासवरल्या लोकांची एक वाईट खोड आहे," दिपाली म्हणाली. ती सोप्यावर मांडी घालून बसली होती आणि चंपाबाईंनी दिलेले पोहे खात होती. पोरगी बेळगुंदीची, शिकली बेंगळूरला, आणि आता तिथल्याच एका संस्थेत संशोधन करत होती. ग्रामसभेला बायका का येत नाहीत आणि आल्या तरी का बोलत नाहीत, हा तिचा विषय. पाऊस सरल्यापासून ती गावात येऊन-जाऊन होती. निपाणीच्या बाजारात आण्णासाहेब भेटेल त्याला सांगायचे, आमच्या गावावर बेंगळूरात अभ्यास चाललाय म्हणून.

"कसली खोड गं?"

"गावात यायचं, माणसांना खोदून खोदून विचारायचं आणि लिहून घेऊन निघून जायचं. मग ते सगळं कपाटात. यावेळी आम्ही ठरवलंय, जे कळलं ते आधी गावासमोर ठेवायचं. तालुक्याचे साहेब येतील, पंचायत असेल, गाव असेल. समोरासमोर बसून नळ कुठं न्यायचा ते ठरवायचं. ते काय करतात ते आम्हाला दिसेल आणि आम्हाला काय कळलं ते त्यांना."

"लई चांगलं," आण्णासाहेब म्हणाले. त्यांच्या डोळ्यापुढं साहेबांच्या शेजारची खुर्ची आली आणि फोटोवाला आला. "कवा ठेवायची सभा?"

"दुपारी चारला ठिवा," चंपाबाई म्हणाल्या.

आण्णासाहेबांनी वळून बघितलं. चंपाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या आणि बोलल्याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलेलं दिसत होतं. पण त्या थांबल्या नाहीत. "सकाळी बाया रानात असत्यात. दुपारी तंबाकूला कोण हात लावत न्हाय. चारला ठिवली तर माळावरच्या समद्या येतील."

दिपालीचा चेहरा असा खुलला की पोहे तिथंच राहिले. "ऐकलंत आण्णा? मी इतके महिने जे शोधत होते, ते काकूंनी एका वाक्यात सांगितलं."

"मग? मालकीण कुणाची हाय," आण्णासाहेब म्हणाले आणि मोठ्यानं हसले. त्यांना खरोखरच अभिमान वाटला होता. तो दोन दिवस टिकला.

तिसऱ्या दिवशी पहाटे ते रानात उभे होते. दंव चांगलं पडलं होतं, बायका वाकून पान उचलत होत्या, मध्येच कुणीतरी शिंकत होतं, खोकत होतं. तंबाखूच्या तिखट खाटानं सगळ्यांचेच डोळे वाहत होते. सगळ्यांच्या पुढं मालुबाई होती. अंगानं काटक, जिभेनं त्याहून. तिच्या हाताखाली बाकीच्या चालत.

"चारच्या सभंला चाललीस न्हवं गं मालुबाई?" मागून कुणीतरी विचारलं.

"चालली म्हंजे? पयली बसणार. नळ आला की मानंवरची घागर सुटली. पार मान आत गेलीया बघ माझी."

"मग पहाटचं मळ्यात यायचंबी सुटलं म्हण की!"

सगळ्या हसल्या. मालुबाईही हसली. त्यात वाईट काही नव्हतं, कामात बायका बोलतात तसं ते बोलणं होतं. पण आण्णासाहेब हसले नाहीत. ते बांधावर जाऊन उभे राहिले आणि पसरलेल्या रानाकडं बघत राहिले. नळ माळावर गेला तर ह्या बायका शेजारच्या गावात भांगलणीला जातील, निपाणीला वखारीत जातील, घरी निजून राहतील. त्यांना कोण अडवणार? आणि हे रान उन्हात चुरा होऊन उडून जाईल.

घरी आल्यावर त्यांनी पीडीओंना, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, फोन लावला. सभा दुपारऐवजी सकाळी आठला घ्या म्हणाले. कारण सांगावं लागलंच नाही. पीडीओंना सकाळ की दुपार याचं सोयरसुतक नव्हतं, आणि अध्यक्षांच्या घरून आलेला फोन हा अध्यक्षांचाच फोन, असं ते धरून चालायचे.

चंपाबाईंना त्यांनी चुलीपाशी जाऊन सांगितलं. "साहेबास्नी दुपारी जमत न्हाय. सकाळी आठला येतो म्हणाल्यात."

चंपाबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. "आठला? दंवाच्या वेळंला?"

"आता साहेबाला दंव काय कळतंय? बेंगळूरनं वर्डर आली आसंल."

त्या भाकरी पुन्हा थापू लागल्या, पण ती एका बाजूनं जाड झाली. दिपाली तेव्हा बेळगावला गेली होती. तिलाही फोनवर हेच सांगितलं. साहेबांचं जमत नाही म्हटल्यावर तिनंही ते मानलं.

राहिला भावकू. पंचायतीचा वॉटरमन तोच आणि रिक्षात भोंगा लावून पुकारणाराही तोच. आण्णासाहेबांनी त्याला पाण्याच्या टाकीखाली गाठलं. "सभा सकाळी आठला पुकार. पेठंत पुकार, गल्लीत पुकार. माळावर जायची गरज न्हाय, त्या बाया तशाबी रानात असत्यात."

भावकूनं व्हॉल्व्ह फिरवता फिरवता त्यांच्याकडं बघितलं. "बरं आण्णा," एवढंच म्हणाला. आण्णासाहेब तिथून लगेच वळले.

सभेच्या आदल्या दिवशी आभाळ भरून आलं. माघात असं कधीमधी होतं. रात्रभर ढग हटले नाहीत, वारा कोमट वाहत राहिला, आणि पहाटे गवताच्या पात्यावर टिपूस नव्हता. आण्णासाहेब त्या दिवशी रानाकडं फिरकलेच नाहीत. ते आरशापुढं उभे राहून टोपी बसवत होते. दंव पडलं नाही, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. जन्म तंबाखूत गेलेला माणूस, पण त्या सकाळी आभाळाकडं बघायचं विसरला.

पंचायतीच्या हॉलमध्ये मंचावर खुर्च्या मांडल्या होत्या. खाली ताडपत्रीवर पेठेतली माणसं येऊन बसली होती, बहुतेक आण्णासाहेबांचीच. ते नेहमीसारखे मंचावर चढले आणि साहेबांच्या शेजारची खुर्ची ओढली. साहेब कागदातून मान वर करून कन्नडमध्ये म्हणाले, "नीवु यारु?"

तुम्ही कोण, हे विचारणारा माणूस गावात आण्णासाहेबांना आजवर भेटला नव्हता.

"अध्यक्षांचे मिस्टर," ते म्हणाले.

"मग खाली बसा री. लोकांच्यात बसा. मंचावर सदस्य तेवढेच."

आण्णासाहेबांनी दिपालीकडं बघितलं. ती अवघडून म्हणाली, "हो आण्णा, नियम तसा आहे. पुढं जागा आहे बघा ताडपत्रीवर."

खाली बसलेली माणसं बघत होती. कुणी हसलं नाही, हेच जास्त लागलं. ताडपत्रीवर मांडी घालून बसायचं आणि मान वर करून बायकोकडं बघायचं, हे त्यांच्यानं होईना. "जरा बाहीरचं बघतो," असं पुटपुटत ते उतरले आणि हॉलला वळसा घालून मागच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. गज धरून आत बघायला लागले. स्वतःच्या गावाच्या सभेला चोरासारखं.

सभा सुरू होते न होते तोच बाहेर पायरीवर भांड्यांचा आवाज झाला. माळावरच्या बायका आल्या होत्या. पहाटे त्या नेहमीसारख्या मळ्यात गेल्या होत्या. पान हातात घेतलं तर चुरा, तेव्हा काम बंद. मग घागरी भरून घेतल्या. वाटेत टाकीपाशी भावकूनं मालुबाईला सांगितलं, सभा आत्ताच हाय, जा की. त्या तशाच आल्या. भरलेल्या घागरी त्यांनी पंचायतीच्या पायरीवर ओळीनं मांडल्या आणि आत येऊन बसल्या. ताडपत्री भरली. पेठेतल्या माणसांना सरकावं लागलं.

खिडकीबाहेर आण्णासाहेबांनी आभाळाकडं बघितलं. आता बघितलं.

दिपाली बोलायला उठणार तोच मालुबाई उभी राहिली. पदर खोचलेला, बोटं तंबाखूच्या चिकानं काळी. "साहेब, आदी एक इचारू का? सभा चारला म्हणून दिपालीताईनी आमच्या दारात येऊन सांगितलं हुतं. आज दंव पडलं असतं तर आत्ता आमी रानात वाकल्याल्या असतो. चारची आठला कशी झाली?"

साहेबांनी मराठी-कन्नडची मिसळ करत सांगितलं, "मला काय? मी तर दिवसभर मोकळा होतो. दुपारीच येणार होतो. सकाळी या म्हणून तुमच्या पंचायतीतूनच फोन आला."

पीडीओ पंख्याकडं बघायला लागले. दिपाली चंपाबाईंकडं बघायला लागली. बाहेरची एक घागर पाझरत होती, तिचं पाणी पायरीवर टिपटिपताना हॉलमध्ये ऐकू आलं.

चंपाबाईंना त्याच क्षणी सगळं कळलं. साहेबांचं जमत नाही म्हणून नवऱ्यानं चुलीपाशी सांगितलं होतं, आणि साहेब समोर बसून सांगत होते की मोकळे होते.  त्यांनी एकदाच खिडकीकडं बघितलं. मग नजर खाली टेबलावर आणली.

"मी बदलली," त्या म्हणाल्या. "वेळ मीच बदलाय लावली. चुकलं माझं."

"आक्का, तुमी?" मालुबाई म्हणाली. "तुमास्नी तर दंवाचं ठाव हाय."

"ठाव हाय. तरीबी चुकलं."

आण्णासाहेबांचे हात गजांवर होते. एक शब्द बोलायचा होता. खिडकीतून बोललं असतं तरी चाललं असतं. न्हाय, मी केलं, ती न्हवं.  बायको भर सभेत त्यांचं पाप आपल्या पदरात घेत होती आणि ते, ज्यांना पेठेत बोलताना कुणी थांबवू शकत नसे, ते गज धरून उभे होते. शरमेनं त्यांचे कान तापले. तरी तोंड उघडलं नाही.

पुढची सभा त्यांनी अर्धवटच ऐकली. बायकांनी काय काय सांगितलं ते दिपालीनं मांडलं. पाणी आणायला जाणारा वेळ, मानेचं दुखणं, पाण्यासाठी एकाच रानात बांधून घेतलेली कामं. मळ्याचं नाव तिनं घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. साहेबांनी मध्ये मध्ये प्रश्न विचारले आणि बायकांनी उत्तरं दिली, आधी चाचरत, मग एकमेकींच्या तोंडातून शब्द ओढत. शेवटी साहेब चंपाबाईंकडं वळले. नेहमी अशा वेळी चंपाबाई मागं बघायच्या. आज मागं कुणी नव्हतं.

"नळ आदी माळावर," त्या म्हणाल्या. "आमच्या मळ्याच्या रस्त्याचं पुढच्या साली बघू."

हात वर झाले. पेठेतल्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं आणि त्यांचेही झाले. "आयतु," साहेब म्हणाले, झालं तर मग.

दिवस मावळायच्या आधी चंपाबाईंनी ताट वाढलं. पाणी गाळून तांब्या भरला आणि समोर ठेवला. भाकरी नेहमीसारखी एकसारखी गोल होती. आण्णासाहेबांनी घास मोडला आणि तसाच धरून ठेवला.

"तू कशाला तसं म्हणालीस?"

"मग काय म्हणू?"

"माझं नाव सांगायचं हुतंस."

"सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, हिला कुठं काय ठाव असतंय, नवरा करील ते खरं." त्या भाजी वाढत होत्या. "आन् मी केलं म्हणाले तर, माळावरच्या बायांची गुन्हेगार झाले. दोनीकडनं लाज माझीच. त्यातली माझ्या हातातली हुती ती घेतली."

आण्णासाहेबांनी घास परत ताटात ठेवला. चुकलं म्हणावं असं वाटलं. ती किती सहज म्हणाली होती सगळ्या गावापुढं, आणि इथं तर दोघंच होते. त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"उद्या दंव पडंल," ते म्हणाले. "आभाळ निवळलंय."

चंपाबाई भाजीचं भांडं तिथंच ठेवून आत गेल्या.

दंव पडलं. पहाटे रान नुसतं भिजलं होतं. आण्णासाहेब सगळ्यांच्या आधी मळ्यात जाऊन उभे होते, अंगावर घोंगडं, पायात वहाण. बायका येणार नाहीत, अशी त्यांची जवळजवळ खात्री झाली होती. पण येऊ नयेत असंही वाटत होतं आणि याव्यात असंही. मनात एक वाक्य जुळवून ठेवलं होतं. वेळ मी बदलली, तुमच्या आक्कानं न्हवं. एवढंच. रात्रभर ते घोळवलं होतं.

उजाडायच्या बेताला बायका बांधावरून आल्या. आण्णासाहेबांच्या जिवात जीव आला. मग काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. नेहमी आधी विहिरीकडं वळायच्या, कट्ट्यावर घागरींचा आवाज व्हायचा, मग रानात उतरायच्या. आज सरळ रानात उतरल्या.

"मालुबाई, घागरी?"

"न्हाईत आणल्या."

"का?"

"पाणी खालच्या हापश्यावरनं आणलं, नळ येस्तोवर तितनंच आणू." मालुबाईनं कंबर कसली. "आज कामाला आलोय, आण्णा. मजुरी घेऊन जाऊ."

त्या वाकल्या. पान हातात मऊ येत होतं, आवाज न करता उचललं जात होतं. खालचा हापसा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे ह्या बायका केव्हा उठल्या असतील, हे आण्णासाहेबांच्या मनात आलं आणि त्यांनी ते तिथंच थांबवलं. घोंगडं बांधावर टाकलं आणि तेही वाकून पान उचलू लागले. कैक वर्षांत असे वाकले नव्हते. कंबर कुरकुरली, चिकट पान बोटांना चिकटलं, डोळ्यांतून पाणी आलं. ते मालुबाईच्या शेजारच्या ओळीत आले.

"मालुबाई," ते म्हणाले. "कालचं ते. सभंचं."

"बोला की."

घोळवून ठेवलेलं वाक्य ओठापर्यंत आलं. मागच्या ओळीतल्या बायकांचे हात थांबले होते, त्या ऐकत होत्या. आण्णासाहेबांनी ते बघितलं. 

"सभंत काल कुणालाच च्या न्हाय मिळाला. आज सांगतो घरी, आणाय."

मालुबाईनं पानांचा कवळा उचलून छातीशी धरला. तिनं त्यांच्याकडं बघितलं. चिडून नाही. थकल्यासारखं.

"आण्णा, आमास्नी ठाव हुतं," ती म्हणाली. "हॉलात शिरायच्या आदीच, टाकीपाशीच ठाव झालं हुतं. वेळ कुणी बदलली ते आमी आक्कास्नी इचारलंच न्हाय. तुमी खिडकीत हुता. साहेबाकडं तोंड करून आमी तुमास्नी इचारलं."

ती कवळा घेऊन ढिगाकडं निघून गेली. बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या आणि हात चालवायला लागल्या, जणू आण्णासाहेबांना वाटावं, की आता कुणी बघत नाही. पूर्वेकडं तांबडं फुटलं होतं. ऊन चढायच्या आत पुष्कळ रान उचलायचं होतं, म्हणून आण्णासाहेबही वाकले.